घाटात वाट कोणाची? बालाघाटातले रस्ते आणि मोटारसायकल



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही एवढंच म्हणालो, "घाटावर बोलू." त्यांना वाटलं, तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, काशीच्या घाटावर बोलेल, मृत्यू, मोक्ष वगैरे. मग आम्ही खुलासा केला, की आपल्या बालाघाटातल्या घाटरस्त्यांवर आणि त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलींवर बोलायचं आहे. पलीकडं थोडा वेळ शांतता होती.

आता हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी याच डोंगररांगेतल्या एका वळणावर गेला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. तो मोटारसायकलवर घाट चढत होता, वरून जीप येत होती. जीपनं वळण आतून कापलं. हाही जवळजवळ रस्त्याच्या मध्यावर होता. हेल्मेट होतं, पण डोक्यावर नव्हतं, आरशाला अडकवलेलं होतं. दहाव्याच्या दिवशी त्याच्या वडिलांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्ही तर्क शिकवता. मला एवढंच सांगा, चूक कोणाची?"

आम्ही तेव्हा काही बोलू शकलो नाही. दोघांचीही थोडी थोडी, असं म्हणणं त्या घरात बरं दिसलं नसतं. आज जे बोलणार आहोत ते एका अर्थी त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. त्यासाठी मात्र थोडं मागं, इतिहासात जावं लागेल.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आपण सगळे जाणतो. गोदावरीच्या काठाची सखल गंगथडी, म्हणजे गेवराई, माजलगावचा भाग. आणि वरचा बालाघाट, म्हणजे पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाईकडचं पठार. 'बाला' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ वर. बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. म्हणजे बघा, आपल्या मुलुखाचं नावच घाटावरून पडलेलं आहे. खालून वर आणि वरून खाली जाणं हे इथलं रोजचं जगणं. मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट, जामखेडच्या वाटेवरचा सौताड्याचा घाट, ही नावं आपल्या आजी-आजोबांच्याही तोंडी होती.

धारूरचंच घ्या. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानानं तिथं किल्ला बांधला. १६३१ मध्ये मोगलांनी तो घेतला आणि त्याला फतेहाबाद हे नाव दिलं. किल्ला तिथंच का? कारण गंगथडीतून पठारावर चढायची वाट त्या बाजूनं येते. वाट ज्याच्या ताब्यात, मुलूख त्याच्या ताब्यात. राजाच्या दृष्टीनं घाट म्हणजे अडवायची जागा. रयतेच्या दृष्टीनं मात्र घाट म्हणजे पार करायची जागा. आपल्याला रयतेचा इतिहास बघायचा आहे.

त्या काळी घाटातून माल जायचा तो लमाण तांड्यांच्या बैलांवरून. धान्य, मीठ पाठीवर लादलेल्या बैलांची लांबच लांब रांग. मोगली फौजांना दाणागोटा पुरवला तो याच तांड्यांनी, आणि त्यांचे वंशज आज आपल्या जिल्ह्यात तांड्या-तांड्यांवर राहतात. अरुंद वाटेवर समोरून दुसरी रांग आली तर काय करायचं? कोणाला तरी थांबावंच लागणार.

पुढं इंग्रजी अमलात बैलगाडीला चालतील असे घाट झाले. पुण्याहून मुंबईकडं जाणारा बोरघाट १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला, तेव्हा जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर होता. आपला भाग निजामाच्या राज्यात, त्यामुळं इथं रस्ते सावकाश आले. पण बैलगाडीचा धर्म सगळीकडं एकच. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा हलवणं महाकठीण. बैल मागं सरकतात, गाडी कलते, चाकामागं दगड लावायला माणूस धावतो. उतरणाऱ्याची अडचण वेगळी. गाडी आवरायला चाकाला लाकूड लावायचं, मागं ओंडका बांधून ओढायचा. पण उतरणारा एखाद्या रुंद जागी थांबू शकतो आणि थांबल्यावर पुन्हा सहज निघू शकतो. म्हणून रीत अशी, की चढणाऱ्याला वाट द्यायची. ज्याला थांबणं सोपं, त्यानं थांबायचं.

या रीतीकडं नीट बघा. यात कोण मोठा, कोण लहान, कोण सावकार, कोण कूळ, हा हिशेब नाही. कोणाला थांबणं जड जाईल, एवढाच एक प्रश्न आहे. आम्ही चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. कांट शिकवला, मिल शिकवला. पण इतका सरळ नैतिक नियम आम्हाला पुस्तकात क्वचितच भेटला.

आणि हा नियम नुसती जुनी रीत नाही, तो कायदा आहे. १९८९ च्या रस्ता नियमांत तो स्पष्ट लिहिलेला होता आणि २०१७ च्या नव्या वाहन चालन नियमांतही तो आहे. डोंगरी किंवा तीव्र उताराच्या रस्त्यावर दोन वाहनं सुरक्षितपणे एकमेकांना ओलांडू शकतील एवढी रुंदी नसेल, तर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. आता या सभागृहात किती जणांकडं लायसन्स आहे? जवळजवळ सगळ्यांकडं. आणि हा नियम किती जणांना माहीत होता? हात मोजू नका. तो विद्यार्थी गेला तेव्हा आमच्याही खिशात लायसन्स होतं, आणि आम्हालाही तो माहीत नव्हता.

आता मोटार आली. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि आपल्या घाटात एस.टी. दिसू लागली. आमच्या लहानपणची एस.टी. घाट कसा चढायची, ते आठवा. ड्रायव्हर वळणाआधी हॉर्न द्यायचा, लांब, दोनदा. खालच्या गिअरमध्ये गाडी कण्हत कण्हत चढायची. जुन्या ड्रायव्हरांचा एक नेम होता, की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकवर सगळा भार येत नाही. घाटाच्या तोंडाशी देऊळ असायचं. तिथं गाडी थांबायची, कोणी नारळ फोडायचं, कोणी चिल्लर टाकायचं. बोरघाटात शिंग्रोबाला लोक आजही नमस्कार करून पुढं जातात. देवाच्या निमित्तानं गाडी थांबायची, इंजिन आणि ब्रेक थंड व्हायचे, ड्रायव्हरचं डोकंही जरा शांत व्हायचं. श्रद्धेचा हा उपयोग नास्तिकालाही मान्य व्हावा.

मग दुचाकी आली. १९५५ पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, पण आपल्याकडं ती फौजदार आणि बागायतदारांची गाडी. साठच्या दशकात राजदूत आली, ती दूधवाल्यांची आणि ग्रामसेवकांची. १९७२ मध्ये लुना आणि चेतक आल्या, मास्तरांना स्कूटर परवडू लागली. आणि १९८५ मध्ये हीरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली, तिनं सगळं चित्रच पालटलं. थोड्या पेट्रोलात लांब जाणारी, सहसा न बिघडणारी. आपल्या जिल्ह्यात तर रेल्वे परळीच्या बाजूला. बीड शहरानं रेल्वेची वाट पिढ्यान् पिढ्या बघितली. एस.टी. दिवसातून दोनदा. अशा ठिकाणी मोटारसायकल ही चैन नव्हती, ती गरज होती. ऊसतोडीला जाणारा माणूस, पोरीला परीक्षेला सोडणारा बाप, शेळी पुढं घेऊन बाजाराला निघालेला शेतकरी, सगळे त्या दोन चाकांवर. शहरातले विद्वान 'ट्रिपल सीट' म्हणून नाकं मुरडतात. त्यांना आम्ही एवढंच म्हणू, की शेवटची एस.टी. चुकल्यावर बायको आणि मूल घेऊन वीस किलोमीटर कसं जायचं, ते आधी सांगा.

पण गरज होती म्हणून धोका कमी होत नाही. इथं आम्ही आमचाच गुन्हा कबूल करतो. आमच्याकडं स्कूटर होती. घाट उतरताना आम्ही इंजिन बंद करायचो, पेट्रोल वाचावं म्हणून. मागं आमची पत्नी, तिच्या मांडीवर मुलगी. तर्कशास्त्राचा प्राध्यापक दोन-चार रुपयांच्या पेट्रोलासाठी दोन जीव आणि स्वतःचा जीव त्या एवढ्याशा ब्रेकवर टांगत होता. इंजिन बंद म्हणजे इंजिनाची पकड गेली. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापला की धरत नाही. त्या काळच्या कित्येक गाड्यांचा दिवाही इंजिनावरच चालायचा, इंजिन बंद केलं की दिवाही गेला. आम्ही वाचलो ते शहाणपणानं नव्हे, समोरून त्या क्षणी कोणी आलं नाही म्हणून. आजही न्यूट्रलमध्ये घाट उतरणारी पोरं दिसतात, तेव्हा आम्हाला त्यांना रागवायचा अधिकार राहत नाही. पण सांगायचा अधिकार राहतो.

आता वळणावर नेमकं काय होतं ते पाहू. यात मोठं शास्त्र नाही, पण लायसन्स देताना ते कोणी समजावून सांगत नाही.

पहिली गोष्ट. चारचाकी वळताना उभीच असते, दुचाकी कलते. आपण डावीकडून चालतो. उजव्या वळणावर मोटारसायकलवाला मध्यरेषेजवळ असला, तर त्याची चाकं आपल्या बाजूला असतात, पण कललेलं डोकं आणि खांदा पलीकडच्या बाजूला गेलेला असतो. त्याला वाटतं, मी माझ्या बाजूनं आहे. समोरच्या गाडीला त्याचं डोकं आपल्या वाटेत दिसतं. डाव्या वळणावर उलट होतं. वेग जास्त झाला की दुचाकी बाहेर, म्हणजे मध्याकडं फेकली जाते.

दुसरी गोष्ट. लांब वाहन वळतं तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, ती वळणाच्या आतून जातात. उसाची ट्रॉली किंवा ट्रक वळत असताना आतल्या बाजूला मोकळी जागा दिसते. मोटारसायकलवाला त्यात घुसतो आणि ती जागा बघता बघता मिटते. त्यात गाळपाच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्या, शेतातून आलेला चिखल, पहिल्या पावसानं निसरडं झालेलं डांबर. चार चाकांना हे जाणवतही नाही, दोन चाकांना तेवढं पुरतं.

तिसरी गोष्ट वेगाची. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोरूनही गाडी त्याच वेगानं आली, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला २२ मीटरनं कमी होतं. वळणावर पुढं ४० मीटर दिसत असेल तर हातात दोन सेकंदसुद्धा नाहीत. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. म्हणून अरुंद घाटाचा साधा हिशेब असा, की जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात आपल्याला थांबता आलं पाहिजे. उरलेला निम्मा समोरच्याचा.

इथं रस्त्यांच्या इतिहासातली एक विसंगती लक्षात घ्या. धुळे–सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. खामगाव–पंढरपूर महामार्ग तेलगाव, धारूर, केजवरून गेला. चांगलंच झालं. पण त्याचं काम झालं तेव्हा धारूरच्या घाटाचा भाग अरुंदच राहिला. म्हणजे खाली रुंद, गुळगुळीत रस्त्यावर हाताला वेगाची सवय लागते आणि तोच हात घाटात शिरतो. जुन्या खराब रस्त्यानं माणसाला सक्तीनं सावध ठेवलं होतं. नव्या रस्त्यानं ती सक्ती काढली, पण तिच्या जागी शिक्षण ठेवलं नाही.

आता डोक्याकडं येऊ, म्हणजे हेल्मेटकडं. त्याचा इतिहास रंजक आहे. अरबस्तानात गाजलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून जात होता. रस्त्यातल्या उतारामुळं पुढचं दिसत नव्हतं. अचानक सायकलवरची दोन मुलं समोर आली, त्यांना चुकवताना तो पडला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्याला मार होता. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याला ही गोष्ट विसरता आली नाही. पुढं दुसऱ्या महायुद्धात त्यानं मोटारसायकलवरच्या मृत्यूंचा अभ्यास केला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये दोन हजारांहून अधिक चालक आणि मागं बसलेले मेले होते. हेल्मेट घातलेल्या अपघातग्रस्तांची त्याला फक्त सात उदाहरणं मिळाली, आणि ते सातही जण जगले. १९४१ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. नागरिकांसाठी सक्ती पहिल्यांदा केली ती ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं, १९६१ मध्ये. खुद्द ब्रिटननं केली ती १९७३ मध्ये. सैनिकाच्या डोक्यापासून नागरिकाच्या डोक्यापर्यंत यायला त्या देशाला बत्तीस वर्षं लागली.

आपल्याकडं हेल्मेटसक्तीविरुद्धचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तोही आंध्र प्रदेशातून, आपल्या जुन्या हैदराबादकडून. युक्तिवाद असा, की हा आमच्या मुक्त संचाराच्या हक्कावर घाला आहे. १९८८ मध्ये न्यायालयानं तो अमान्य केला. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट आहे. तरी वाद संपला नाही. पुण्यात तर हेल्मेटसक्तीविरुद्ध मोठी चळवळच झाली. आमचं डोकं, आमची मर्जी!

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, त्यामुळं इथं आम्हाला दोन मिनिटं द्या. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथात म्हटलं, की माणसाला त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी सक्ती करू नये. दुसऱ्याचं नुकसान होत असेल तरच करावी. हेल्मेटविरोधक नकळत मिलच बोलत असतात. पण त्याच ग्रंथात एक पूल आहे. एक माणूस मोडकळीस आलेल्या पुलावर पाऊल टाकतोय, पूल धोक्याचा आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि सांगायला वेळ नाही. मिल म्हणतो, त्याला धरून मागं ओढलं तर त्याचं स्वातंत्र्य जात नाही, कारण त्याला नदीत पडायचंच नव्हतं. आंधळ्या वळणावरचा मोटारसायकलवाला हा त्या पुलावरचा माणूस आहे. पलीकडून काय येतंय ते त्याला दिसत नाही. आणि मिलचा माणूस एकटा होता. आपला माणूस एकटा कुठं असतो? मागं बायको, पुढं टाकीवर लेकरू. त्यांची मर्जी कोणी विचारली? कायद्यानं मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगितलंय. आपल्या जिल्ह्यात मागं बसलेल्या बाईच्या डोक्यावर पदर दिसतो, हेल्मेट किती वेळा दिसतं, ते ज्यानं त्यानं आठवावं.

आकडे एकदाच सांगतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५०,०२९, आणि त्यात १४,३३७ जण मागं बसलेले होते. म्हणजे गाडी ज्यांच्या हातात नव्हती असे.

आपल्या जिल्ह्याला रस्त्यावरच्या मृत्यूची ओळख करून द्यायला नको. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथराव मुंडे गेले, १४ ऑगस्ट २०२२ ला द्रुतगती मार्गावर विनायकराव मेटे गेले. त्या दोन्ही दिवशी आपल्या गावांत चूल पेटली नाही अशी घरं होती. पण मोटारसायकलवरच्या पोराची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची असते, आणि त्यातही 'भरधाव' हा शब्द ठरलेला. तो भरधाव होता की नव्हता, हे बातमीदारालाही माहीत नसतं. मेलेल्याला बाजू मांडता येत नाही.

तर आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडं परत येऊ. चूक कोणाची? आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं, की हा प्रश्न अपघातानंतरचा आहे. पंचनाम्याला, कोर्टाला, विम्याला तो लागतो. अपघाताच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे: वाट कोणाची? आणि त्याचं उत्तर आपल्या बैलगाडीवाल्यांनी केव्हाच दिलं होतं. जीप उतरत होती, मुलगा चढत होता. जीपमध्ये पत्रा होता, मुलाभोवती काही नव्हतं. जीपनं वळणाआधी हॉर्न देऊन आपल्या बाजूला थांबायचं होतं. मुलानं डाव्या कडेला राहायचं होतं आणि हेल्मेट डोक्यावर ठेवायचं होतं. जीपवाला काही दुष्ट नव्हता. त्याला ती रीत कोणी शिकवलीच नव्हती. रीत मोडली ती एका माणसानं नव्हे. डांबर आलं, इंजिन आलं, थांबून पुन्हा निघणं सगळ्यांनाच सोपं झालं, आणि मग कोणीच थांबेनासं झालं.

म्हणून आमचं मागणं थोडं आहे. गाडीवाल्यांनो, घाटात तुम्ही बलवान आहात, वळण कापू नका. समोरून दुचाकी चढताना दिसली तर चार क्षण थांबा. मोटारसायकलवाल्यांनो, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरा, वळणाआधीच वेग कमी करा, आणि ट्रॉलीच्या आतल्या बाजूनं जाऊ नका. २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालू राहतो. कोणी हात उघडमीट करून दिवा चालू आहे म्हणून खुणावलं तर रागावू नका, त्याला सांगा, की तो वळणावर दिसावा म्हणूनच चालू आहे. रस्त्याचं काम बघणाऱ्यांनी वळणावर गोल आरसे, मध्यरेषा आणि कठडे नीट ठेवावेत. कारखान्यांनी ट्रॉलीला मागून चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. आणि लायसन्सच्या परीक्षेत घाटाचा हा नियम प्रत्येकाला विचारावा. न सांगता आला तर लायसन्स देऊ नये, प्राध्यापक असला तरी.

तो मुलगा असता तर आज पन्नाशीला आला असता. त्याचे वडील आता नाहीत. त्यांना हे उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज आपल्याला दिलं. व्याख्यान संपल्यावर आपल्यातले कित्येक जण रात्रीच घाट उतरून घरी जाणार आहेत. बाहेर गाड्या लावल्यात, हेल्मेटं आरशाला अडकवलेली आम्ही येतानाच पाहिली. ती डोक्यावर घ्या, सावकाश उतरा, आणि समोरून कोणी चढत असेल तर त्याला वाट द्या.